जुन्या गाडीत ओव्हरड्राइव्हवाला ऑटोमॅटिक बसवावा का? (१९६६ मस्टँग, सी४ काढून एओडी)

रानघोडा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसताच वाचत होतो. आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी फोर्डची १९६६ ची मस्टँग. २८९ व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, सी४ म्हणजे तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. घेऊन दोन वर्षं झाली. शहरात चालवायला झकास. तक्रार एकच: हमरस्त्यावर ताशी ६५ मैल झाले की इंजिन बोंबलायला लागतं. मागाहून बसवलेला टॅको (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या दाखवणारा काटा) ३१०० दाखवतो. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, मग अर्ध्या तासाने दोघंही गप्प. तिसरा गिअर पडला की कान चौथ्याची वाट बघत बसतो आणि तो काही येत नाही.

फोर्डचाच एओडी म्हणजे चार गिअरचा ओव्हरड्राइव्हवाला ऑटोमॅटिक यात बसतो असं ऐकलंय. कोणी केलंय का? किती कापाकापी होते? आणि मुळात करावं का? माझ्याकडे जॅकस्टँड आहेत, एक धट्टाकट्टा मित्र आहे आणि शनिवार-रविवार मोकळे आहेत.

मूळबरहुकूम

करू नये.

मूळबरहुकूम

बरं, जरा सविस्तर लिहितो, नाहीतर खडूस म्हणाल. सहासष्ट सालची गाडी इतकी वर्षं तिच्याच गिअरबॉक्सवर चालली. तिचा आवाज हा तिचा स्वभाव आहे. शांत गाडी हवी असेल तर शांत गाडी घ्या की! एकदा बोगद्याला (गिअरबॉक्सवरच्या, गाडीच्या तळातल्या उंचवट्याला) हातोडा लागला की ती गाडी 'सुधारलेली' होते, आणि सुधारलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं ते या संस्थळावर आपण दर महिन्याला बघतोच.

शंकासुर

मूलभूत प्रश्न विचारतो, हसू नका. ओव्हरड्राइव्ह म्हणजे नक्की काय? गाडी जास्त पळते का?

गिअरकाका

हसायचं काय त्यात? निम्म्या लोकांचा हाच समज असतो.

गिअरबॉक्समध्ये शिरणारा दांडा इंजिनाबरोबर फिरतो. सी४ च्या पहिल्या गिअरमध्ये तो २.४६ फेऱ्या मारतो तेव्हा बाहेर पडणारा दांडा एक मारतो. दुसऱ्यात १.४६ ला एक. तिसऱ्यात दोघं बरोबरीने, त्याला डायरेक्ट म्हणतात. ओव्हरड्राइव्हमध्ये पारडं फिरतं आणि बाहेरचा दांडा आतल्यापेक्षा जोरात फिरतो. एओडीचा चौथा ०.६७ आहे. म्हणजे इंजिनाच्या ६७ फेऱ्यांत मागच्या, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या १००. गाडी जास्त पळत नाही, तेवढ्याच वेगात इंजिन कमी धावतं.

आत हे होतं कसं? ग्रहचक्र डोळ्यांसमोर आणा. मधे सूर्यचाक, भोवती ग्रहचाकं, त्यांना धरून ठेवणारा कॅरिअर आणि सगळ्यांबाहेर दात आतल्या बाजूला असलेलं कडं. एओडीत दोन सूर्यचाकं आहेत. चौथ्या गिअरला त्यातल्या एकाला पट्टा आवळून जागच्या जागी जखडतात आणि इंजिनाची ताकद थेट कॅरिअरला देतात. ग्रहचाकं जखडलेल्या सूर्यावरून गडगडत जातात आणि जाताजाता बाहेरच्या कड्याला आपल्यापेक्षा जास्त वेगाने पुढे ढकलतात. ते कडं म्हणजेच आपला बाहेरचा दांडा. बस, एवढंच.

आणि हो, चार गिअर म्हणजे ओव्हरड्राइव्ह असं समीकरण मांडू नका. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेल्या हायड्रामॅटिकलाही चार गिअर होते, पण चौथा सरळ एकास एक. अमेरिकन गाड्यांत ओव्हरड्राइव्हवाले ऑटोमॅटिक आले ते पुढे, १९७३ च्या तेलसंकटानंतर. ७४ ला तिथे ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, ७५ ला इंधनबचतीचा कायदा झाला आणि कंपन्यांना घाम फुटला. फोर्डचा एओडी १९८० च्या मॉडेलपासून, जनरल मोटर्सचा (जीएम) २००-४आर ८१ ला, ७००आर४ ८२ ला. आज आपण जुन्या गाड्यांत जे कोंबतोय ते त्या घामाचं फळ आहे.

शंकासुर

काका, दंडवत. पहिल्यांदा कळलं.

तेलकट

रानघोडा, मला तुमचं ३१०० खटकतंय.

हिशोब असा: ताशी मैल गुणिले डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचं) प्रमाण गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. तुमचा टायर २५ इंचांच्या आसपास असणार. त्या काळच्या दोन बॅरलच्या ऑटोमॅटिक मस्टँगमध्ये बहुतेकदा २.८० किंवा ३.०० चं क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी जोडी) असायचं. ३.०० धरलं तर ६५ × ३ × ३३६ ÷ २५ = २६२१. कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) थोडा घसरतो, वर शंभरेक धरा. तरी ३१०० येत नाहीत. एकतर टॅको थापा मारतोय, नाहीतर कोणीतरी आधीच मागचं क्राऊन-पिनियन बदललंय. डिफरन्शियलच्या हाउसिंगच्या बोल्टला पत्र्याचा छोटा टॅग असतो, त्यावर प्रमाण लिहिलेलं असतं. बघा.

रानघोडा

टॅग नाहीये. बोल्ट आहेत, टॅग गायब.

तेलकट

म्हणजे कोणीतरी उघडलंय हे नक्की. गाडी न्यूट्रलला, मागची बाजू जॅकस्टँडवर, पुढच्या चाकांना दगड. मागचं चाक हाताने एक फेरी फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. शाफ्टवर खडूने खूण करा, नाहीतर मोजताना भांडण होतं.

रानघोडा

केलं. चाकाच्या एका फेरीला शाफ्ट पावणेदोनपेक्षा जरासा जास्त फिरला. १.७७ चं क्राऊन-पिनियन असतं का हो कुठे? मित्र म्हणतोय गाडीलाच ओव्हरड्राइव्ह आहे.

पाना_१३

मित्राला आतून गाडी धुवायला सांगा.

दुसरं चाक स्थिर होतं ना? साध्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक फिरवलं की शाफ्ट निम्माच फिरतो. दुप्पट करा, ३.५५ येतं. आता तेलकटच्या सूत्रात घाला: ६५ × ३.५५ × ३३६ ÷ २५ = ३१०१. टॅको बिचारा खरं बोलत होता.

निवांत_चालक

मग प्रश्नच मिटला की! कोणा उत्साही माणसाने ३.५५ घातलंय, ते काढून २.८० घाला. ६५ ला २४५० च्या आत येईल. गिअरबॉक्सला हात नको, बोगद्याला हातोडा नको. एका दिवसाचं काम. मूळबरहुकूमही खूश.

मूळबरहुकूम

चक्क सहमत. तारीख लिहून ठेवा.

गिअरकाका

निवांतराव, एका दिवसाचं काम कसं म्हणता? क्राऊन-पिनियनचं बॅकलॅश (दातांमधली फट) लावणं, दातांवर रंग लावून ठसा बघणं, हे ज्याने आयुष्यात एकदाही केलेलं नाही त्याच्या हातून एका दिवसात मागून शिट्टी वाजायला लागते आणि ती कायम वाजते.

दुसरं म्हणजे आकडे बघा. पहिल्या गिअरचं प्रमाण गुणिले डिफरन्शियल म्हणजे गाडी जागेवरून किती जोमाने निघते त्याचं माप. आत्ता २.४६ × ३.५५ = ८.७३. तुमच्या सल्ल्याने होईल २.४६ × २.८० = ६.८९. सिग्नलवरून निघताना गाडी पेंगुळलेली वाटेल. एओडीचा पहिला २.४०, म्हणून २.४० × ३.५५ = ८.५२. निघण्यात फरक कळणारही नाही. आणि वरच्या गिअरला ३.५५ × ०.६७ = २.३८. ६५ ला इंजिन २०८० च्या आसपास. दोन्हीकडून फायदा.

उलट मागे ३.०० असतं तर मीच एओडीला नको म्हणालो असतो. ३.०० × ०.६७ म्हणजे २.०१, ६५ ला १७५० आरपीएम. साधा कॅम असलेलं २८९ ते कसंबसं ओढेल, जरा चढ आला की कण्हायला लागेल आणि गिअर सारखा वर-खाली होत राहील. २.८० वर तर विचारूच नका. ओव्हरड्राइव्ह घालून 'काही मजा नाही' म्हणणारे बरेच लोक याच खड्ड्यात पडलेले असतात. ज्याने कोणी ३.५५ घातलं त्याने तुमचं निम्मं काम करून ठेवलंय.

निवांत_चालक

काका, ६.८९ वाचून गप्प बसतो. शिट्टीचं मात्र मनाला लागलं. माझ्या गाडीत वाजते.

चेवीवाला

फोर्डचं तुम्ही फोर्डवाले बघा. माझ्या १९६७ च्या, जीएमच्या शेव्हेलमध्ये पॉवरग्लाइड होता. दोन गिअर! निघताना एक आणि मग आयुष्यभर दुसरा. मी २००-४आर बसवला. सगळे ७००आर४ च्या मागे लागतात, पण तो लांबीला ३०.७५ इंच, म्हणून शाफ्ट कापायला लागतो. २००-४आर २७ इंच आणि वर थोडा, जवळजवळ पॉवरग्लाइडएवढाच. शाफ्टला हात लावला नाही. क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी) मात्र साडेसहा इंचांच्या आसपास मागे न्यावा लागला.

७००आर४ चा पहिला ३.०६ आहे, जोरात उठतो, पण दुसरा एकदम १.६३. मधे दरी पडते. २००-४आरचे २.७४ आणि १.५७ जास्त सुसंगत वाटतात. कोणी ७००आर४ घेतच असेल तर अगदी सुरुवातीचे टाळा. त्यांचा इनपुट शाफ्ट २७ दातांचा, नंतरचे ३० दातांचे.

आणि हे दोन्ही घेणाऱ्यांनी लॉकअपची वायर विसरू नका. कन्व्हर्टरच्या आत क्लच असतो, त्याला १२ व्होल्ट मिळाले की तो घसरणं बंद करतो. मूळ गाडीत ते काम कॉम्प्युटर करायचा, आपल्या गाडीत कॉम्प्युटर कुठला! मी ब्रेकच्या स्विचमधून आणि चौथ्या गिअरच्या प्रेशर स्विचमधून वायर नेली. हे न करता हमरस्त्यावर चालवलं तर तेल तापतं, आणि तापलेल्या तेलावर ऑटोमॅटिक फार दिवस काढत नाही.

रानघोडा

एओडीला पण ती वायर लागते?

चेवीवाला

फोर्डवाल्यांना विचारा. :)

पाना_१३

नाही लागत. हीच एओडीची गंमत. त्यात लॉकअप क्लच नाहीच. इनपुट शाफ्ट दोन आहेत, एकात एक. बाहेरचा पोकळ, त्याच्या आत बारीक. तिसऱ्या गिअरला ६० टक्के ताकद आतल्या दांड्यातून थेट जाते, ४० टक्के कन्व्हर्टरच्या तेलातून. चौथ्याला १०० टक्के थेट. त्यामुळे वायर नाही, सोलेनॉइड नाही. तोटा असा की चौथ्यात सगळा भार त्या बारीक दांड्यावर. तेव्हा चौथ्यात असताना पाय खाली दाबून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. मूळ २८९ ला त्रास नाही, इंजिन वाढवलेलं असेल तर दांडा जाड जातीचा घाला.

स्वयंभू

इतकी खटपट करायचीच आहे तर पाच गिअरचा मॅन्युअल टी-५ का नाही? पाचवा ०.६८, ओव्हरड्राइव्हच तो. आणि गाडी आपण चालवतोय असं वाटतं तरी.

तेलकट

क्लचवाले आले. दारं लावून घ्या.

स्वयंभू

हलके घ्या, पण मुद्दा खरा आहे. :)

रानघोडा

स्वयंभू, डावा गुडघा आडवा येतो. ऑपरेशन झालंय. नाहीतर केलं असतं.

स्वयंभू

अरेरे, मग शब्द मागे. एओडीच करा.

खडखडाट

मी केलंय हे, ६८ च्या मस्टँगमध्ये. बाकीचे सांगतीलच, मी माझी चूक सांगते म्हणजे तुमची वाचेल.

फ्लेक्सप्लेट. म्हणजे इंजिन आणि कन्व्हर्टर यांना जोडणारी दातेरी तबकडी. एओडीला १६४ दातांची लागते. मला एक जुनी १६४ दातांची मिळाली, एओडीबरोबरचीच, ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटरच्या गाडीतून निघालेली. भोकं जुळली, स्टार्टर जुळला, मी खूश. इंजिन चालू केलं आणि २००० च्या वर गेल्यावर आरशात मागची एक गाडी दोन दिसायला लागली. आधी वाटलं शाफ्ट वाकडा. शाफ्ट काढून बॅलन्स करून आणला. तसंच. युनिव्हर्सल जॉइंट बदलले. तसंच. शेवटी न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत रेस केली तरी थरथर! म्हणजे शाफ्टचा संबंधच नव्हता. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

झालं असं की २८९ आणि जुनं ३०२ यांचं बाहेरचं संतुलन २८ औंसांचं. नंतरच्या ५.० चं ५० औंसांचं. त्या फ्लेक्सप्लेटवर वेल्ड केलेलं वजन माझ्या इंजिनाला चुकीचं होतं. दिसायला दोन्ही सारख्याच, वजनाचा तुकडा तेवढा लहान-मोठा. पुन्हा अख्खा गिअरबॉक्स खाली. तर १६४ दात आणि २८ औंस, दोन्ही तपासल्याशिवाय बोल्ट लावू नका.

आणि हो, तुमचं ६६ चं इंजिन मूळचं असेल तर गिअरबॉक्स लावायला सहा बोल्टांचं आहे, काळजी नाही. पण कोणी ६४ चं पाच बोल्टांचं २८९ टाकून ठेवलं असेल तर एओडी त्याला बसणारच नाही. विकत घ्यायच्या आधी बोल्ट मोजा.

रानघोडा

ताई, आत्ता खाली जाऊन मोजून आलो. सहा आहेत. हुश्श.

शंकासुर

अजून एक प्रश्न. सगळीकडे 'टीव्ही केबल नीट लावा' असं लिहिलेलं असतं. गाडीत टीव्ही कशाला?

मूळबरहुकूम

मागच्या सीटवर बसून ओव्हरड्राइव्हचं कौतुक बघायला.

तेलकट

टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. आणि हसण्यावारी नेऊ नका, या धाग्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही आहे. बाकी सगळं चुकलं तर आवाज येतो, गळतं, थरथरतं. हे चुकलं तर काहीच होत नाही, आणि गिअरबॉक्स मरतो.

सी४ मध्ये इंजिनावर किती भार आहे हे गिअरबॉक्सला व्हॅक्युमच्या नळीने कळतं. मागे मॉड्युलेटरची डबी असते ती त्यासाठी. किकडाउनचा (पाय जोरात दाबल्यावर खालचा गिअर टाकायचा) दांडा वेगळा. एओडीत आणि जीएमच्या त्या दोन्ही बॉक्सांत डबी नाही. ॲक्सिलरेटर किती दाबला ते कार्ब्युरेटरपासून आलेला दांडा किंवा केबल सांगते, आणि त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. लोकांना वाटतं ही किकडाउनची केबल, मग लावू निवांत नंतर. नाही! क्लच आणि पट्टे किती जोराने आवळायचे ते हीच ठरवते.

माझी कथा. जुना एओडी, पूर्ण उघडून नवा केलेला, बसवला. संध्याकाळ झालेली, केबलची क्लिप नीट बसली नाही हे दिसलं नाही. चालवायला काढला आणि काय सांगू, इतके मऊ गिअर मी आयुष्यात अनुभवले नव्हते. रेशमावरून बोट फिरवावं तसे. कधी बदलला कळायचंच नाही. मी बायकोला फोन करून सांगितलं की जमलं. चाळीसेक मैल फिरलो. परत येताना तिसरा गिअर घसरायला लागला, घरी पोचेपर्यंत तिसरा नाहीच. तेलाची काडी ओढली तर तेल काळं आणि जळका वास.

मऊ वाटत होतं ते घसरणं होतं. दाबच नव्हता, क्लच हळूहळू घासत पकडत होते. तेव्हा गिअर लवकर आणि मऊ पडत असेल तर खूश होऊ नका, गाडी तिथेच उभी करा. उशिरा आणि धक्का देऊन पडत असेल तर दाब जास्त आहे. ते वाईट, पण मरत नाही.

खडखडाट

तेलकट, बायकोला परत फोन केलात का?

तेलकट

ती शेजारीच उभी होती. वास तिलाच आधी आला.

अबोल

म्हणूनच मी इलेक्ट्रॉनिक घेतला. ४आर७०डब्ल्यू. एओडीचाच पुढचा अवतार, पहिला २.८४, चौथा ०.७०. टीव्ही केबलची कटकट नाही. वेगळा कंट्रोलर लावायचा आणि कार्ब्युरेटरच्या दांड्याला थ्रॉटल सेन्सर. गिअर कधी पडावा ते लॅपटॉपवर ठरवायचं.

गिअरकाका

अबोलराव, उत्तम पर्याय, नाही म्हणत नाही. पण ज्या गाडीत फ्यूज बॉक्समध्ये मोजून पाच-सहा फ्यूज आहेत तिथे लॅपटॉप जोडायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. केबल एकदा नीट लावली की वर्षानुवर्षं तिच्याकडे बघावं लागत नाही. अट एकच: कार्ब्युरेटरच्या हाताची भूमिती जुळली पाहिजे. पाय पूर्ण दाबला की केबल पूर्ण ओढलेली, पाय उचलला की ताण नसलेली पण ढिलीही नाही. कार्ब्युरेटर मूळचा नसेल तर मधे दुरुस्तीची पट्टी लागते, तिच्याशिवाय सुरुवात आणि शेवट जुळले तरी मधला प्रवास चुकतो. आणि डोळ्याने लावू नका, प्रेशर गेज लावून लावा.

पाना_१३

रानघोडा, बाकी किरकोळ पण रडवणाऱ्या गोष्टी.

मॉड्युलेटरची व्हॅक्युम नळी आता अनाथ होणार, इंजिनाच्या बाजूने ती बुच मारून बंद करा, नाहीतर आयडल बिघडेल आणि तुम्ही कार्ब्युरेटर उघडून बसाल. स्लिप योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) बदलायची गरज नाही, सी४ आणि एओडी दोन्ही २८ दातांचे. शाफ्टच्या लांबीचं मात्र कोणाचं ऐकू नका, बॉक्स बसवून गाडी चाकांच्या भारावर ठेवून मोजा. क्रॉसमेंबर मागे जाईल. एओडी अंगाने जाड आहे, सायलेन्सरच्या नळ्या कुठे घासतायत ते बघा. तेल सी४ ला टाइप एफ होतं, ते एओडीत नको, मर्कॉन जातीचं घाला.

आणि कन्व्हर्टर. हे ठळक समजा. कन्व्हर्टर बॉक्समध्ये ढकलताना फिरवत ढकला. एकामागून एक खाचेत बसताना 'खट' असं हाताला कळतं. शेवटचं खट न ऐकता बॉक्स इंजिनाला लावलात आणि उरलेली फट बोल्ट आवळून मिटवलीत, तर आतल्या पंपाचे तुकडे होतात. बेलहाउसिंग (बॉक्सचं इंजिनाकडचं घंटेसारखं तोंड) इंजिनाला टेकल्यावरही कन्व्हर्टर हाताने सुट्टा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर थांबा. बोल्ट हे बॉक्स ओढून घेण्याचं हत्यार नव्हे.

निवांत_चालक

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). आणि कोणी मला शिट्टीवर उपाय सांगेल का?

गिअरकाका

रेडिओ.

मूळबरहुकूम

एक खरोखरचा प्रश्न. एवढं सगळं करून गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते का? बोगदा कापला तर नाही येणार.

खडखडाट

माझ्यात कापला नाही. एका जागी हातोड्याने जरा दाबावा लागला, गालिच्याखाली आहे, मलाही आता शोधावा लागेल. क्रॉसमेंबर वेगळा घेतला, मूळचा भिंतीला टांगलाय. फ्रेमला एकही नवं भोक नाही. मोपारवाल्यांना (क्रायस्लरच्या गाड्यावाल्यांना) मात्र बऱ्याचदा बोगदा कापावाच लागतो, त्यांचा ओव्हरड्राइव्हचा भाग शेपटाकडे जाड आहे.

मूळबरहुकूम

मग माझा विरोध निम्मा झाला.

रानघोडा

मंडळी, तीन महिन्यांनी परत आलोय. झालं. बसवला.

पाच शनिवार गेले. त्यातला एक पूर्ण शनिवार कन्व्हर्टरवर. दोन 'खट' ऐकू आले, तिसऱ्यासाठी मित्र आणि मी पाळीपाळीने फिरवत बसलो. मित्र म्हणाला बोल्ट लावून टाकू, ओढला जाईल. मी त्याला फोनवर पाना_१३ यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी बॉक्सचं तोंड वर करून उभा ठेवला, कन्व्हर्टर वरून स्वतःच्या वजनाने खाली गेला, आणि खट. दोन मिनिटांचं काम. आडवा ठेवून आम्ही दिवसभर झगडत होतो.

फ्लेक्सप्लेट १६४ दात, २८ औंस. ताई, आभार. थरथर नाही.

पहिल्या फेरीला निघालो. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत दुसरा पडला, वळल्यावर तिसरा, काटा ताशी १५ वर. आणि इतका मऊ की मित्र म्हणाला, 'वा, काय गोड गिअर पडतोय!' माझ्या पोटात गोळा आला. तिथेच गाडी बंद केली आणि दोघांनी ढकलत घरी आणली. मित्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही. झाकण उघडून बघितलं तर कार्ब्युरेटर पूर्ण उघडला तरी केबलचा बोटभर प्रवास शिल्लक राहत होता. पट्टीचं भोक चुकीचं निवडलं होतं, आर्मवर जरा आत. एक भोक बाहेर घेतलं, गेज लावला, पुस्तकातल्या आकड्यावर आणून क्लिप दाबली, आणि दाबल्याचा आवाज आला का ते मित्राला विचारलं. तो हो म्हणाला, तेवढं बोलला.

आता पहिल्याचा दुसरा जरा ठोस पडतो, हाताला कळतो. चौथा ४५ च्या आसपास. ६५ ला टॅको २१००. सिलेक्टरही जुनाच ठेवलाय. सहाच्या सहा जागा जुळल्या, दांडा थोडा लहान-मोठा करावा लागला. काट्यावरची अक्षरं मात्र आता खोटं बोलतात.

राहिलेल्या दोन गोष्टी. स्पीडोमीटर जास्त दाखवतोय. आणि इंजिन गप्प झाल्यावर डाव्या दारातून वाऱ्याची शीळ ऐकू यायला लागली आहे. ती आधीपासून असणार, कधी ऐकूच आली नव्हती.

तेलकट

गल्लीतून ढकलत आणलीत त्यासाठी उभं राहून सलाम. मी चाळीस मैल गेलो होतो.

पाना_१३

स्पीडोमीटर: केबलच्या टोकाला प्लास्टिकचं छोटं गिअर असतं ते बदला. काटा जास्त दाखवतोय म्हणजे जास्त दातांचं घाला. एका बोल्टचं काम, थोडं तेल सांडेल.

निवांत_चालक

शीळ? या, बसा. आता आपण दोघं.

मूळबरहुकूम

दाराचं रबर मूळ साच्यातलं मिळतं, भलतं घेऊ नका. आणि सी४ चं काय केलंत? विकला नाहीत ना?

रानघोडा

नाही. तेल काढलं, नळ्यांच्या तोंडांना बुचं मारली, शेपटाला पिशवी बांधली. फळीवर ठेवलाय, वर कापड.

मूळबरहुकूम

कन्व्हर्टर पुढे सरकू नये म्हणून बेलहाउसिंगला आडवी पट्टी मारलीत का?

रानघोडा

मारली.

मूळबरहुकूम

मग ठीक आहे.